बारा इंची चाक, तेरा इंची हौस

आमच्या धाकट्याची मारुती ओम्नी म्हणजे एका गाडीत तीन गाड्या. आठवडी बाजाराच्या दिवशी ती भाजीची गाडी, लग्नसराईत वऱ्हाडाची, आणि रात्री-अपरात्री गावात कुणाला दुखायला लागलं की बुलढाण्याच्या दवाखान्यापर्यंतची अ‍ॅम्ब्युलन्स. ओम्नीचं उत्पादन २०१९ मध्ये थांबलं; आमच्याकडची मात्र थांबायला तयार नाही.

मागच्या उन्हाळ्यात एका लग्नात त्याला गाडी मांडवामागे लावायला सांगितलं. पुढे चकाकत्या चाकांच्या गाड्या उभ्या होत्या. त्यानंतर त्याने तेरा इंची अलॉय चाकांचा ध्यास घेतला. मी ‘कशाला हवंय’ म्हणालो, तर म्हणाला, “दादा, बटाट्याची गाडी हाय म्हून बटाट्यासारखीच दिसली पाह्यजे काय?” याला उत्तर नव्हतं. उपदेश त्याला चालत नाही, पण हिशेब चालतो. म्हणून आम्ही वही घेऊन बसलो.

मूळ टायरवर लिहिलेलं असतं १४५ आर १२ एलटी. १४५ मिलिमीटर रुंदी, आर म्हणजे रेडियल, १२ इंचांची रिम, आणि एलटी म्हणजे हलक्या मालवाहू गाडीचा टायर. टायरच्या भिंतीची उंची रुंदीच्या साधारण ८० टक्के धरली तर ११६ मिलिमीटर. वरची-खालची भिंत आणि मधली रिम मिळून चाकाचा व्यास होतो ५३७ मिलिमीटर.

दुकानदाराने पहिल्यांदा सुचवला १५५ आर १३ एलटी. त्याचा व्यास भरतो सुमारे ५७८. म्हणजे प्रत्येक फेऱ्यात गाडी साडेसात टक्क्यांहून जास्त अंतर जाणार. काटा ८० दाखवेल तेव्हा खरा वेग ८६. शिवाय गिअर जड पडणार. ७९६ सीसीचं इंजिन भरल्या गाडीनिशी बोथा घाट चढताना आधीच धापा टाकतं.

दुसरा पर्याय १५५/६५ आर १३. व्यास ५३२, म्हणजे जवळपास मूळचाच. धाकटा खूश झाला. पण त्या मापाच्या कारच्या टायरवर पुढे ७३ हा आकडा होता. तो भाराचा संकेतांक: एका टायरला जास्तीत जास्त ३६५ किलो. मागच्या दोघांचे मिळून ७३०. पोती मागे रचली की गाडीचा बराचसा भार त्याच दोघांवर येतो. एलटी टायर जास्त हवा घेतो आणि जास्त ओझं पेलतो. कारचा टायर ते काम करायला बनवलेलाच नसतो. चाळिशीपार तापलेल्या डांबरावर कमी ताकदीचा टायर ओझ्याखाली जास्त दबतो, दबला की तापतो, आणि तापला की फुटतो. तेव्हा आत भाजी असेल की बाळंतपणाला निघालेली बाई, हे टायरला कसं कळावं?

भिंतही ११६ वरून १०१ वर येते. खड्ड्याचा मार मग थेट रिमला. लोखंडी रिम वाकते, ठोकून सरळ होते, अलॉय तडकते. आणि उत्पादकाच्या मूळ तपशिलाबाहेर गाडीत बदल करता येत नाहीत, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये स्पष्ट केलेलं आहेच.

वही मिटल्यावर तो बराच वेळ गप्प होता. मलाही ते बरं वाटत नव्हतं. त्याची हौस चूक नव्हती. आकडे तिच्या बाजूने नव्हते, इतकंच.

शेवटी त्यानेच वाट काढली. बारा इंचीच, पण अलॉय. रुंदी, ऑफसेट, बोल्टच्या छिद्रांमधलं अंतर मूळच्यासारखं. रिमची भार सोसायची क्षमता विचारून घेतलेली. त्यावर नवे १४५ आर १२ एलटी. पैसे दोन हप्त्यांत. स्टेपनी मात्र जुनी लोखंडीच ठेवली. अलॉयचे नट तिला बसत नाहीत, म्हणून जुने चार नट कापडी पिशवीत बांधून त्याने पान्ह्यासोबत ठेवले, आणि ते कुठे आहेत हे घरातल्या सगळ्यांना दाखवून ठेवलं, आईलासुद्धा.