पाळी जाण्याच्या वयातले पित्तखडे

पित्ताशयात खडा सापडतो, पण त्याचे मूळ बहुतेकदा यकृतात असते. पाण्यात न विरघळणारे कोलेस्टेरॉल पित्तक्षार आणि लेसिथिन यांच्या जोरावर पित्तात विरघळून राहते. यकृताने ते जास्त सोडले, किंवा पित्ताशय सुस्तावले, की त्याचे स्फटिक होतात, चिकट स्रावात अडकतात आणि हळूहळू खडा बनतो.

पाळी चालू असते त्या वयात स्त्रियांना हे खडे पुरुषांच्या दुप्पट-तिप्पट होतात. इस्ट्रोजेनमुळे पित्तात कोलेस्टेरॉल वाढते, प्रोजेस्टेरॉनमुळे पित्ताशय ढिले पडते. पाळी गेल्यावर हे दोन्ही ओसरतात, तरी खड्यांचे प्रमाण वयाबरोबर चढतच राहते. पन्नाशीच्या सुमारास चरबी पोटाभोवती जमते आणि यकृत इन्सुलिनला नीट दाद देईनासे होते. मग कोलेस्टेरॉल पित्तात ढकलणाऱ्या एबीसीजी-५ आणि एबीसीजी-८ या प्रथिनांवरचा लगाम सुटतो. २००८ साली उंदरांवरच्या प्रयोगांतून ही साखळी उलगडली. नावे विसरली तरी चालतील. कंबरेचा घेर विसरू नये. भारतीय स्त्रीसाठी ८० सेंटिमीटर ही त्याची मर्यादा.

“कोलेस्टेरॉल तर नॉर्मल आहे, मग खडे कसे?” हा प्रश्न दवाखान्यात रोजचा. रक्तातले एकूण कोलेस्टेरॉल किंवा एलडीएल यांचा खड्यांशी भरवशाचा संबंध आढळलेला नाही. खड्यांच्या जोडीला दिसतात ते वाढलेले ट्रायग्लिसराइड आणि उतरलेले एचडीएल. रिपोर्टमध्ये ट्रायग्लिसराइड १५० च्या वर आणि एचडीएल ५० च्या खाली असले, तरी एकूण कोलेस्टेरॉल ठीक दिसले की कागद घडी होऊन पर्समध्ये जातो.

दुसरा गैरसमज तेल-तुपाचा. लठ्ठपणा धोक्याचा खराच, पण आठवड्याला दीड किलोहून जास्त वजन उतरवणेही तितकेच धोक्याचे. वितळत्या चरबीतले कोलेस्टेरॉल पित्तात येते, आणि जेवणात स्निग्धांश नसेल तर पित्ताशय आकुंचनच पावत नाही. घरातल्या लग्नाआधी महिनाभर ताक-काकडीवर राहणाऱ्या बाईच्या पित्ताशयात पित्त तसेच तुंबून राहते. फोडणीचे चमचाभर तेल तिथे उपयोगाचेच.

पाळी गेल्यानंतरच्या त्रासावर इस्ट्रोजेनच्या गोळ्या घेतल्यास धोका वाढतो, हे अमेरिकेतल्या ‘विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह’ने २००५ मध्ये दाखवले. त्वचेवरच्या पट्टीने तो कमी वाढतो, कारण गोळीतला हार्मोन आतड्यातून थेट यकृतात पोचतो. खड्यांचा इतिहास असलेल्या स्त्रीच्या चिठ्ठीत हा फरक दिसायला हवा. अनेकदा दिसत नाही.

पानफुटीची पाने आणि बार्लीचे पाणी हे मुतखड्यावरचे घरगुती उपाय. त्यांनी पित्तखडा विरघळत नाही. ऑलिव्ह तेल आणि लिंबूरस प्यायल्यावर शौचातून पडणारे हिरवट गोळे हे आतड्यात तयार झालेल्या साबणाचे असतात.

१९९० मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. तेहेमतन उडवाडिया यांनी देशात दुर्बिणीतून पित्ताशय काढण्याची सुरुवात केली. शस्त्रक्रिया सुटसुटीत झाली, आणि म्हणूनच गरज नसतानाही सुचवली जाऊ लागली. सोनोग्राफीत योगायोगाने दिसलेले, न दुखणारे खडे सहसा तसेच ठेवावेत. वर्षाला शंभरातल्या दोन-तीन जणींनाच त्यांचा त्रास सुरू होतो. जेवणानंतर उजव्या बरगडीखाली उठणारी, पाठीत किंवा खांद्यात जाणारी, अर्धा तास ते काही तास टिकणारी कळ मात्र ‘गॅस’ म्हणून सोडून देऊ नये. सोबत ताप किंवा कावीळ असेल, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.