चंद्र मावळलाच नाही!

माझं सगळं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं. त्यामुळे मराठीत लिहायचं म्हटलं की व्हायवाला बसल्यासारखा घाम फुटतो. चुका पोटात घाला, प्लीज!

८ नोव्हेंबर २०२२. मी बारावीत होतो. त्या संध्याकाळी मालेगावात चंद्र उगवला तोच ग्रहण लागलेला. मी आणि पप्पा गच्चीवर उभे. सव्वासहा वाजून गेले आणि ग्रहण सुटलंसुद्धा. पप्पा म्हणाले, "हे काहीच नाही. मी मावळतीचं ग्रहण बघितलंय, तुझ्या जन्माआधी. चंद्र मावळलाच नाही, वरच्या वर संपला!"

गोष्ट ९ नोव्हेंबर २००३ ची. पप्पा यंत्रमागाच्या कारखान्यात रात्रपाळीला होते. आदल्या संध्याकाळी त्रिपुरी पौर्णिमा झालेली, आणि महिना रमजानचा. म्हणजे पहाटे अख्खं गाव जागं! पाळी संपवून सायकलवर घरी येताना मोसम पुलावर गर्दी दिसली. कार्तिकस्नानाला निघालेल्या बायका, फजरची नमाज पढून परतणारी माणसं, पाळी सुटलेले कामगार. सगळे पश्चिमेकडे बघत उभे. चंद्राची कोर बारीक बारीक होत गेली आणि क्षितिजाच्या हातभर वरच दिसेनाशी झाली.

माझ्या डोक्यात तेव्हा जेईईचं फिजिक्स. मी फटकन बोललो, "चंद्र असा हवेत कसा संपेल? मावळला असेल. रात्रभर जागून तुम्हाला डुलकी लागली असेल." पप्पा काहीच बोलले नाहीत. खाली निघून गेले.

गेल्या महिन्यात हॉस्टेलवर सबमिशनचा कंटाळा आला म्हणून लॅपटॉपवर स्टेलॅरियम उघडलं. ठिकाण मालेगाव, तारीख ९ नोव्हेंबर २००३. पहाटे पाचनंतर चंद्राला सावली लागली. साडेसहानंतर तो पूर्ण सावलीत गेला, आणि तेव्हा क्षितिजापासून जेमतेम अंशभर वर होता! पौर्णिमेचा चंद्र मावळतो तेव्हा समोर सूर्य उगवत असतो. रात्रीच्या आकाशात खग्रास चंद्र निदान तांबूस तरी दिसतो. पण उजाडल्यावर तेवढासा उजेड कुठला टिकणार? शेवटची कोर विझत आली तेव्हा चंद्र होता, फक्त दिसत नव्हता. पप्पांनी पाहिलं ते शंभर टक्के खरं होतं.

खूप लाज वाटली. ज्या रात्रपाळ्या करून पप्पांनी माझी कॉन्व्हेंटची फी भरली, त्याच रात्रपाळीचं निमित्त करून मी त्यांना खोटं पाडलं होतं.

लगेच फोन लावला. सगळं समजावून सांगितलं. "सॉरी पप्पा, तुम्ही बरोबर होतात."

पलीकडे लूमची खडखड चालू होती. जरा वेळाने आवाज आला, "अरे, मी एकटा थोडाच होतो? सगळा पूल बघत होता!"