जुने गोवे आणि बांदिवड्याची बस्ती

भोकरच्या मोंढ्यात हंगाम सरला की यात्रेचे बेत निघतात. ते बहुधा कुंथलगिरीचे, गजपंथाचे, फार तर शिखरजीचे असतात. या खेपेस मात्र वीस-बावीस जणांचा एक गट जुन्या गोव्यातील ख्रिस्ती धर्मस्थळे पाहण्यासाठी अभ्याससहलीला निघाला. घरोघरी कुरबूर झालीच. ज्या राजवटीने तिसवाडी-साष्टीतील देवळे पाडली, १५६० पासून १८१२ पर्यंत, मधला थोडा काळ वगळता, धर्मन्यायालय चालविले, तिच्या चर्चमधून आपण काय शिकायचे, असे ज्येष्ठांचे म्हणणे होते. म्हणणे रास्त होते. त्यावर कोणी वाद घातला नाही. बस ठरल्या दिवशी सुटली.

नांदेड, लातूर, सोलापूर करीत गाडी विजापुरास पोहोचली. १५१० मध्ये आल्बुकर्कने गोवे जिंकले ते येथल्याच आदिलशहाकडून. पुढे बेळगावच्या किल्ल्यात कमल बस्तीचे दर्शन झाले. रट्ट राजांच्या अमदानीत, १२०४ साली, बिचिराजाने बांधलेली ही नेमिनाथांची बस्ती. छताच्या मध्यभागी दगडाचे कमळ उलटे उमलले आहे. त्याखाली उभे राहिले की मान आपोआप वर जाते. तेथून चोर्ला घाट उतरून गट गोव्यात आला.

जुन्या गोव्यात प्रथम दिसते ती बॉम जेझूची बॅसिलिका. १५९४ मध्ये काम सुरू होऊन १६०५ मध्ये ती पूर्ण झाली. भिंतींवर गिलावा नाही. उघडा जांभा पावसाने काळवंडला आहे. आत सेंट फ्रान्सिस झेवियर यांचे शरीरावशेष आहेत. चीनच्या किनाऱ्यालगतच्या एका बेटावर १५५२ मध्ये त्यांचे निधन झाले आणि १५५४ मध्ये त्यांचा देह गोव्यास आणला गेला. संगमरवरी समाधी टस्कनीच्या ड्यूकने पाठविली. फोजिनी या शिल्पकाराने घडविलेली ती समाधी १६९८ मध्ये येथे जोडून उभी केली गेली. वरची चांदीची पेटी मात्र गोव्याच्या कारागिरांची, १६३६-३७ मधली. गटातील एका सराफाचे पाऊल तिथून निघेना. समाधीपेक्षा पेटीची नक्षी त्याला अधिक पटली आणि घरच्या कारागिराचा हात त्याने लांबूनच ओळखला.

देह जपण्याची ही रीत जैन मनाला सहज उमगणारी नाही. देह हा पुद्गल, आत्मा गेला की राख. मुलांनी तसे विचारलेही. बरोबरच्या एका आजीबाईंनी त्यांना उलट प्रश्न केला, ‘आपण चरणपादुकांवर डोके ठेवतो, ते कशासाठी?’ मुले गप्प झाली. हे उत्तर तत्त्वज्ञानाच्या कसोटीला पुरे पडत नाही, पण तेवढ्यावर सर्वांनी हात जोडले.

सर्वाधिक वेळ गेला तो मात्र उद्ध्वस्त सेंट ऑगस्टिनच्या टेकडीवर. चार मनोऱ्यांपैकी एकाचाच अर्धा भाग उभा आहे, तोही ४६ मीटर उंच. १६०२ मध्ये पूर्ण झालेले हे चर्च १८३५ मध्ये सरकारने धर्मसंघ बंद केल्यावर ओस पडले आणि १८४२ मध्ये त्याची कमान कोसळली. म्हणजे दोनशेहून अधिक वर्षे टिकलेल्या वास्तूला माणसे गेल्यावर सातच वर्षे पुरली! १८७१ मध्ये तिची घंटा पणजीच्या चर्चमध्ये नेली गेली. १९३१ मध्ये दर्शनी भागही पडला.

याच ढिगाऱ्यात जॉर्जियाची राणी केतेवान हिच्या अस्थींचा शोध चालला होता. धर्म सोडण्यास नकार दिला म्हणून १६२४ मध्ये इराणच्या शाह अब्बासने तिला हालहाल करून मारविले. ऑगस्टिनी साधूंनी तिचे अवशेष गोव्यास आणले. पोर्तुगीज कागदपत्रांतील खुणांवरून शोध घेणाऱ्या उत्खननकर्त्यांना येथे अस्थी सापडल्या. हैदराबादच्या प्रयोगशाळेत त्यांची जनुकीय तपासणी झाली आणि २०२१ मध्ये भारताने त्यांचा एक भाग जॉर्जियाला सुपूर्द केला. शेवटी राणी आपल्या गावी पोहोचली, ती कोणीतरी पूर्वी कोणती वस्तू कोठे ठेवली ते लिहून ठेवल्यामुळे. व्यापाऱ्यांना ही गोष्ट वेगळी समजावून सांगावी लागली नाही.

दुसऱ्या दिवशी परतीपूर्वी फोंडा तालुक्यातील बांदिवडे. येथेही एक बस्ती आहे, तीही नेमिनाथांची. आता तिला छत नाही, मूर्ती नाही; जांभ्याच्या भिंती आणि त्यांत रुजलेली झाडे तेवढी उरली आहेत. राज्य पुरातत्त्व खात्याच्या संरक्षित वास्तूंत तिची गणना होते. बेळगावचे कमळ अजून सर्वांच्या डोळ्यांपुढे असल्याने येथील उघडे आभाळ अधिकच जाणवले.

ज्येष्ठांनी लगेच पोर्तुगीजांकडे बोट दाखविले. परंतु तारखा जुळत नाहीत. सोळाव्या शतकात देवळे पाडली गेली तेव्हा फोंडा पोर्तुगीजांच्या ताब्यात नव्हता. तो त्यांच्याकडे आला अठराव्या शतकात. म्हणून तर साष्टीतील मंगेशी, शांतादुर्गा या देवता याच भागात आश्रयाला आणल्या गेल्या. त्यांचे महाजन त्यांच्या पाठोपाठ राहिले, देवळे वाढली, आजही नांदती आहेत. त्यांच्या शेजारची बस्ती मात्र ओस आहे. सेंट ऑगस्टिनच्या टेकडीवर ज्यांनी सात वर्षांचा हिशेब बोटांवर केला होता, त्यांनी येथे तो केला नाही.

स्त्रियांनी गाभाऱ्याच्या जागी साचलेला पाचोळा हातांनी बाजूला केला आणि नवकार म्हटला. एका मुलाने पावलांनी भिंतींची लांबी-रुंदी मोजून वहीत टिपली. सूर्यास्ताला तासभरच उरला होता, तेव्हा डबे तिथेच, भिंतीच्या सावलीत उघडले गेले.