आठ दिवसांचं आयोडीन

थायरॉईडची गाठ काढल्यावर डॉक्टरांनी रेडिओआयोडीनचा डोस घ्यायला सांगितलं. त्याआधी मीठ बिनआयोडीनचं. सुकट, बोंबील, अंडी, दूध सगळं बंद. उरल्यासुरल्या पेशी आयोडीनसाठी इतक्या वखवखायला हव्यात की समोर येईल ते किरणोत्सारी आयोडीनही त्यांनी झटकन ओढून घ्यावं. डोसची तारीख मात्र हलवता येत नव्हती. ट्रॉम्बेच्या ध्रुव अणुभट्टीत टेल्युरियमवर न्यूट्रॉनांचा मारा करून आयोडीन-१३१ बनवतात, आणि ते साठवून ठेवण्यात अर्थ नसतो. आठ दिवसांत निम्मं राहतं.

मुंबईच्या हॉस्पिटलात शिशाच्या जाड डबीतून कॅप्सूल निघाली. गिळली, दार बंद झालं. मग नुसतं पाणी पीत राहायचं. मीटरवरचा आकडा पुरेसा उतरल्यावर घरी सोडलं, तेही लोकलने नाही, गाडीने.

पळसदरीला मागची खोली माझी. ताट-वाटी वेगळी, कपडे वेगळे धुवायचे, संडासात दोनदा पाणी सोडायचं. जाऊबाईंना दिवस गेलेले, त्या माहेरी गेल्या. सासूबाई उंबऱ्याबाहेर खुर्ची टाकून बसत. तिसऱ्या दिवशी त्यांनी विचारलं, "सोयरासारखं दहाव्या दिवशी फिटतं का गं हे?"

फिटत नाही, हीच तर अडचण. सोयर एका दिवशी संपतं. आयोडीनला तसा दिवसच नाही. आठ दिवसांनी निम्मं, सोळांनी पाव, चोविसांनी दोन आणे, ऐंशी दिवसांनी जेमतेम हजारावा हिस्सा. आठ दिवस तगून राहिलेला अणू म्हातारा होत नाही. पुढच्या आठ दिवसांत फुटण्याची त्याची शक्यता पहिल्याइतकीच. अमुक अणू कधी फुटून झेनॉन होईल ते कुणी सांगू शकत नाही, पण अब्जावधींचा हिशोब चुकत नाही. तापवा, गोठवा, त्याला फरक पडत नाही. शरीर मात्र त्याची वाट बघत बसत नाही. बरंचसं आयोडीन पहिल्या दोन दिवसांतच लघवीवाटे जातं, म्हणून ते पाण्याचे तांबे. डॉक्टरांनी दिलेली मुदत हे सगळं धरूनच असते: शून्य होईपर्यंत नव्हे, दुसऱ्याला त्रास होणार नाही इतकं उतरेपर्यंत.

खिडकीतून घाटाचे काळे कडे दिसायचे. आमचे भावजी विज्ञान शिकवतात. त्यांनी अंगणातूनच सांगितलं, की या दगडाचं वयही असंच काढतात. त्यातल्या पोटॅशियम-४० चं अर्धआयुष्य १२५ कोटी वर्षं. त्यातलं थोडं अर्गॉन होऊन दगडात अडकतं, ते मोजायचं. दख्खनचा बसाल्ट निघतो सुमारे साडेसहा कोटी वर्षांचा. म्हणजे एवढ्या काळात ते पोटॅशियम शंभरातले साडेतीन भागच सरलंय! माझे आठ दिवस मला एकदम परवडले.

"आणि ते पोटॅशियम आपल्याही अंगात असतं," भावजी म्हणाले. "सेकंदाला चार-साडेचार हजार अणू फुटतात. आई, तुझ्यासुद्धा."

"माझ्या? मग मला नाही कुणी वेगळं ताट दिलं!"

"तुमचे चार हजार, आई," मी आतून म्हटलं. "शंभर मिलिक्युरीचा डोस म्हणजे सुरुवातीला सेकंदाला ३७० कोटी."

त्यांनी खुर्ची जरा मागे सरकवली. "बस मग आतच."