सहा हजारांचं शिकणं

सहा हजार भागिले सव्वीस. दोनशे तीस रुपये सत्त्याहत्तर पैसे. हे गणित माझं नव्हे, मावशींचं. कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूवर पेन्सिलीने केलेलं. "ताई, दिवसाला दोनशे तीस. मी माझ्या अंगावर साडेसातशे आणते. पोरगी बारावी झाली, अन् माझ्यापेक्षा कमी आणणार?"

मावशी आमच्याकडे सासूबाईंना सांभाळायला येतात. सासूबाईंची डावी बाजू अर्धांगवायूने गेली, तेव्हा ब्युरोकडून आल्या आणि मग राहिल्याच. बारा तासांची ड्यूटी. आम्ही ब्युरोला नऊशे देतो, त्यातले साडेसातशे त्यांच्या हातात पडतात. राहायला इथेच, कांजूरमार्ग पूर्वेला. त्यांची थोरली २०२४ साली बारावी झाली आणि त्याच जुलैत राज्य सरकारची 'मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना' आली. 'लाडका भाऊ' म्हणून जिची पेपरात चर्चा झाली तीच. (नाव भाऊचं, पण मुलींनाही होती.) १८ ते ३५ वय, एखाद्या आस्थापनेत सहा महिने प्रत्यक्ष काम करत शिकायचं. बारावीवाल्यांना महिना ६,०००, आयटीआय-पदविकावाल्यांना ८,०००, पदवीधरांना १०,०००. पैसे थेट बँकेच्या खात्यात. तिला उपनगरातल्या एका रुग्णालयात जागा मिळत होती, वॉर्डात मदतनीस म्हणून. त्यावरून हा हिशोब.

मावशींचं चुकत नव्हतं. पण सहा हजाराची तुलना साडेसातशेशी करायची की शून्याशी, असा माझा प्रश्न होता. कारण दुसरा रस्ता तिच्यापुढे होता तो स्टेशनबाहेरच्या विजेच्या खांबावर चिकटवलेला. 'दहावी पास/नापास, सहा महिन्यांत नर्सिंग, नोकरीची हमी.' तिथे आपण पैसे भरायचे, आणि त्या सहा महिन्यांत घरात काही यायचं नाही. शिवाय ते नर्सिंग नव्हेच. एएनएम दोन वर्षांचं असतं, जीएनएम तीन वर्षांचं, आणि महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलकडे नोंदणी झाल्याशिवाय कुणी नर्स होत नाही. खांबावरचा कागद हे सांगत नाही. दरवर्षी कितीतरी मुली हे पैसे भरून झाल्यावरच शिकतात.

ज्या घरात महिन्याच्या पंधरा तारखेला किराणा उधारीवर येतो, तिथे 'आधी शीक, मग कमव' हा सल्ला म्हणजे चैन आहे हो. शिकताना चार पैसे मिळाले तरच शिकणं होतं.

आणि ही काही सरकारला काल सुचलेली कल्पना नव्हे. फ्लॉरेन्स नाइटिंगेलच्या नावाची परिचारिकांची शाळा १८६० साली लंडनच्या सेंट थॉमस हॉस्पिटलात सुरू झाली, तेव्हाही शिकाऊ मुलींना राहणं, जेवण, गणवेश आणि वर वर्षाला दहा पौंड मिळत. वर्षभर वॉर्डात राबत शिकायचं आणि त्यानंतर काही वर्षं हॉस्पिटलात नोकरी करायची असा करार. म्हणजे बांधलेपण होतं, पण पुढची नोकरीही त्यातच होती. आपल्याकडे रमाबाई रानड्यांनी १९०९ साली पुण्यात सेवासदन काढलं आणि तिथल्या बायकांना ससून हॉस्पिटलात परिचारिकेचं काम शिकायला पाठवलं. त्यात विधवा होत्या. परक्याचं अंग पुसायचं, कुठल्याही जातीच्या माणसाला हात लावायचा, हे काम तेव्हाच्या पुण्यात भल्या घरच्या बाईचं समजलं जात नव्हतं. रमाबाईंनी ते ऐकून घेतलं आणि बायका पाठवत राहिल्या.

जामखेड तर आपल्या सगळ्यांना माहीत असायला हवं. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे १९७० साली तिथे गेले आणि गावोगावच्या बायकांना आरोग्य कार्यकर्त्या केलं. बऱ्याच जणी निरक्षर होत्या. आठवड्याला जामखेडला यायचं, शिकायचं, गावी जाऊन करायचं, पुढच्या आठवड्यात काय अडलं ते सांगायचं. १९७९ साली आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. मला त्या पुरस्कारापेक्षा हा आठवड्याचा फेरा महत्त्वाचा वाटतो. जे आज शिकलं ते उद्या कुणाच्या तरी अंगावर करून बघायचं आहे, हे डोक्यात असलं की माणूस वेगळं ऐकतो.

असो. मुलगी गेली. कांजूरला फास्ट गाडी थांबत नाही, त्यामुळे स्लोने लटकत.

पहिले पंधरा दिवस ती काय शिकली? तर हात धुणं. आम्ही हसलो. पण साबणाने चाळीस ते साठ सेकंद, बोटांच्या बेचक्या, अंगठा, नखं, मनगट असा क्रम, आणि एका पेशंटकडून दुसऱ्याकडे जाताना पुन्हा. मग कचऱ्याचे डबे. रक्तालघवीने भिजलेलं ड्रेसिंग पिवळ्यात, सलाइनच्या नळ्या लालमध्ये, सुया पांढऱ्या न फुटणाऱ्या डब्यात, काच निळ्यात. मग दर दोन तासांनी कूस बदलणं, पाणी किती पोटात गेलं आणि लघवी किती झाली याची नोंद. ती हे घरी येऊन आईला सांगे आणि आई दुसऱ्या दिवशी आमच्याकडे येऊन मला.

खरी गंमत पुढे झाली. एका रविवारी मुलगी आमच्याकडे आली असताना मावशी सासूबाईंना उशीवर वर सरकवत होत्या, नेहमीसारख्या काखेत हात घालून. पोरगी ओरडलीच. "आई, डाव्या खांद्याला ओढू नको! लुळा खांदा निखळतो तसा." मग तिने एक जुनी चादर चौपदरी घडी करून सासूबाईंच्या पाठीखाली सरकवली, एका बाजूला ती, दुसऱ्या बाजूला मी, आणि एक-दोन-तीन म्हणत चादरीसकट वर. सासूबाईंनी हूं की चूं केलं नाही. एरवी रोज विव्हळायच्या.

मावशी गप्प झाल्या. मला वाटलं, रागावल्या. दुपारी मुलगी सासूबाईंना पेज भरवत होती, तेव्हा मावशींनी तिचा हात धरला. "उजव्या गालात घाल. डावीकडं त्यांना कळत नाही, घास तसाच राहतो. अन् झालं की गालात बोट फिरवून बघ." हे पोरीला वॉर्डात कुणी सांगितलं नव्हतं. मावशींना वीस वर्षांपूर्वी एका नर्सिंग होममधल्या म्हाताऱ्या आयाने सांगितलं होतं. लघवीच्या वासावरून इन्फेक्शन ओळखणं हेही त्या आयाकडूनच. दोन दिवस आधी. आमचे डॉक्टर मावशींना विचारतात, मला नाही.

मग शिकलेलं कोण? कागद मुलीकडे येणार होता आणि वीस वर्षं मावशींकडे होती.

सहा महिन्यांची मुदत वाढून अकरा झाली. २०२५ साली ती संपली आणि हातात प्रमाणपत्र आलं. आणि पुढे? राज्यभरातल्या प्रशिक्षणार्थींनी आंदोलनं केली ती याचसाठी, आम्हाला कायम करा म्हणून. सरकारच्या बाजूने बघितलं तर योजना प्रशिक्षणाचीच होती, नोकरीची नाही. हे खरं आहे. पण वॉर्डाच्या बाजूने बघा. अकरा महिन्यांत जी मुलगी कामाला तयार झाली ती गेली, आणि पेशंट तर तितकेच राहिले. शिकवणाऱ्या सिस्टरने पुन्हा हात धुण्यापासून सुरुवात करायची.

कोविडमध्येही असंच झालं होतं. १८ जून २०२१ ला केंद्राने एक लाख जणांसाठी झटपट कोर्स काढला. घरी जाऊन शुश्रूषा, नमुने गोळा करणं, उपकरणं सांभाळणं अशी सहा प्रकारची कामं, आणि प्रत्यक्ष कामावर शिकताना विद्यावेतन. आमच्या कांजूरमार्गलाही तेव्हा जंबो सेंटर उभं राहिलं होतं. साथ ओसरली, तंबू उतरले, आणि त्यात काम केलेली पोरं पुन्हा डिलिव्हरीच्या बाइकवर दिसायला लागली. साथीपुरता माणूस घडवायचा, ही आपली रीत मला पटत नाही. म्हातारी माणसं काही साथीने येत नाहीत. आमच्या एकट्या सोसायटीत सहा घरांत ब्युरोच्या बायका आहेत.

मुलीने प्रमाणपत्र घेऊन ब्युरो गाठला तर त्यांनी आईचाच भाव सांगितला. प्रमाणपत्राचे वेगळे पैसे नाहीत, म्हणे. पण मुलुंडकडच्या एका खाजगी हॉस्पिटलाने तिला घेतलंय. तेरा हजार, पहिले तीन महिने बघू म्हणून. कमी आहेत. पण पगारी रजा आहे आणि गळ्यात ओळखपत्र आहे. परवा ती ते घालूनच आमच्याकडे आली होती, काढायचं विसरली म्हणाली. (विसरली नव्हती.)

आता मावशींचं बघायचंय. प्रधानमंत्री कौशल्य विकास योजनेत आधीपासून येत असलेल्या कामाची परीक्षा घेऊन प्रमाणपत्र द्यायची सोय केलेली होती, आरपीएल म्हणतात. पुन्हा पहिलीपासून शिकायचं नाही. थोडी ओळख आणि मग सरळ मूल्यमापन. रुग्ण सहाय्यकाच्या कामासाठी ते ठाणे ते घाटकोपर दरम्यान सध्या कुठे होत असेल तर मला कळवा. रविवारी होत असेल तर फारच बरं, कारण बाकीचे दिवस त्यांना सुट्टी दिली तर सासूबाईंकडे कोण बघणार? मी बघेन म्हटलं, तर मावशी म्हणाल्या, "तुम्हाला अजून गालातलं जमत नाही."