लाल थर, काळा थर

जव्हार-मोखाड्याकडच्या कुडाच्या घरांत कारवीवर शेणमातीचा लेप बसतो, त्यावर गेरूचा हात फिरतो आणि मग तांदळाच्या पिठाने लग्नाचा चौक लिहिला जातो. गेरूला रंग देतं ते हेमॅटाइट: दोन लोह, तीन ऑक्सिजन. भिंतीवर ते वर्षानुवर्षं लालच राहतं. तेच हेमॅटाइट शुद्ध करून, दाबून, भट्टीत भाजून त्याची टिकली मी निर्वात पेटीत लेझरसमोर ठेवतो, तेव्हा समोरच्या तापवलेल्या चकतीवर कधी लाल थर येतो, कधी काळा. काळा म्हणजे मॅग्नेटाइट, तीन लोह आणि चार ऑक्सिजन; चुंबकाला ओढला जाणारा, वीज वाहून नेणारा. टिकली तीच, पण काही सेंटिमीटरच्या वाटेत हिशेब बदलतो.

या पद्धतीचा बोलबाला झाला तो १९८७ मध्ये, अमेरिकेत टी. वेंकटेसन आणि सहकाऱ्यांनी नव्या अतिवाहक ऑक्साइडचे थर लेझरने टाकले तेव्हा. पुढच्याच वर्षी पुणे विद्यापीठातल्या सतीशचंद्र ओगले यांच्या गटाचा लोह-ऑक्साइड आणि फेराइटच्या थरांवरचा निबंध आला. आपल्याकडे हे काम उशिरा पोचलं असं म्हणणाऱ्यांनी तो जरूर चाळावा.

विद्यार्थ्यांना पहिल्या दिवशी सांगतात की टिकलीत जे असेल तेच थरात उतरतं. २४८ नॅनोमीटरच्या लेझरचा एकेक स्पंद वीस-पंचवीस नॅनोसेकंद पडतो, पृष्ठभाग इतक्या झटक्यात उडतो की कुठल्या मूलद्रव्याला आधी वाफ व्हायचंय हे विचारायला वेळच नसतो. बरोबर आहे, पण ऊर्जा पुरेशी असेल तर. ती कमी पडली की टिकली उडत नाही, नुसती तापते; ज्याला लवकर उडायचं ते पुढे निघतं आणि उरलेल्या टिकलीची घडणच बिघडत जाते. म्हणून ऊर्जा भरमसाट वाढवावी, तर टिकलीतून उसळणाऱ्या झोतातले, म्हणजे प्लूममधले, आयन इतक्या वेगाने आदळतात की बसलेल्या थरातलेच अणू पुन्हा उडतात. शिशासारख्या चंचल गड्यांचा यात पहिला बळी. शिवाय दर स्पंदाला माल जास्त येतो, आणि पेटीत सोडलेला ऑक्सिजन त्याला तोकडा पडू शकतो.

स्ट्रॉन्शियम टायटॅनेट याचं बोलकं उदाहरण. ऊर्जेची घनता कमी ठेवली की थरात स्ट्रॉन्शियम जास्त, वाढवली की टायटॅनियम जास्त. मधल्या अरुंद पट्ट्यातच स्फटिकाची जाळी ३.९०५ अँगस्ट्रॉमला बसते. गंमत म्हणजे दोन्हीकडे घसरलं तरी जाळी फुगतेच. कोणत्या बाजूला चुकलो हे क्ष-किरण एकटे सांगत नाहीत. त्यासाठी आयनांचा मारा करून मोजावं लागतं.

मी घनता म्हणतोय, ऊर्जा नव्हे. शंभर मिलिजूल पाच चौरस मिलिमीटरवर पडले तर चौरस सेंटिमीटरला दोन जूल होतात. भिंग किंचित सरकून ठिपका दहा चौरस मिलिमीटरचा झाला की एकच जूल. लेझरच्या डब्यावरचा आकडा मात्र जागचा हलत नाही.

त्यात पेटीची खिडकी. प्रत्येक थराबरोबर तिच्या आतल्या बाजूलाही ऑक्साइडचा पातळ पडदा साचतो आणि प्रकाश गिळत जातो. म्हणून ऊर्जा मोजायची ती खिडकीच्या पलीकडे, टिकलीच्या जागी; ठिपक्याचं क्षेत्रफळ जळक्या कागदावर उमटवून. काम कंटाळवाणं आहे, आणि अनेक निबंधांत नुसतं ‘ऊर्जा १५० मिलिजूल’ एवढंच छापलेलं वाचलं की कोणीतरी हा कंटाळा केला असावा, अशी शंका येते. ठिपका केवढा, मोजलं कुठे, खिडकी शेवटची कधी पुसली? एवढं लिहिलं नसेल तर मी तो थर पुन्हा करायला घेत नाही.