खानापूरच्या कचेरीतील एक ओळ

बेळगावहून खानापूरला जाणारी एस. टी. पिरनवाडी, देसूर मागे टाकून पुढे निघाली, की रस्त्याच्या दोन्ही बाजूंची माती तांबडी होऊ लागते. श्रावणाचे दिवस होते. भाताची खाचरे तुडुंब भरलेली होती आणि खिडकीची काच वर घ्यावी तर गुदमरायला होई, खाली घ्यावी तर शर्ट भिजे. अंतर सव्वीस किलोमीटरांच्या आसपासच असेल. पण वडोदऱ्याहून निघालेल्या मला तो प्रवास सत्तर वर्षांचा वाटत होता. मी माझ्या आजोबांच्या मृत्यूचा दाखला आणण्यासाठी चाललो होतो.

कारण साधेच. खानापूर तालुक्यातील आमच्या खेड्यात भाताचा एक लहानसा तुकडा अजून आजोबांच्याच नावावर आहे. आजोबा गेले, दोन वर्षांनी १९५८ साली आजीही गेली, आणि त्यांची दोन मुले, आत्या व माझे वडील, यांना मामांनी वडोदऱ्याला नेले. पुढे शेत चुलतघराण्याने कसले. आता त्यांच्या मुलांनाही वाटण्या करून हव्या आहेत, आणि वारसा लावायचा तर तलाठ्याला पहिला कागद हवा, मूळ मालक वारल्याचा. वडील हयात नाहीत. राहिली आत्या. ती सत्त्याहत्तर वर्षांची आहे. निघताना तिने मला एवढेच सांगितले, "दिवाळी होती रे. त्या वर्षी आकाशकंदील लागला नव्हता."

वर्ष मात्र तिला ठाऊक नव्हते. मामा नेहमी म्हणत, "तुमच्या बाबांनी मुंबई राज्यातच डोळे मिटले. तो दिवस त्यांना पाहावा लागला नाही." तो दिवस म्हणजे १ नोव्हेंबर १९५६. त्या दिवशी राज्यपुनर्रचना अमलात आली आणि बेळगाव, खानापूर हा सारा मुलूख म्हैसूर राज्यात गेला. सीमाभागातील घरांतून त्या तारखेचा उल्लेख अजूनही जरा खालच्या आवाजातच होतो. आमच्या घरी तर आजोबांचा मृत्यू त्या तारखेवरूनच मोजला जाई. तिथी कोणालाच माहीत नसल्याने श्राद्ध सर्वपित्रीलाच उरकले जाई.

आरंभी मी एक चूक केली, ती वाचकांनी करू नये. वडोदऱ्यातच चौकशी करून पाहिली. तेथील गृहस्थांनी शांतपणे समजावले की, माणूस कोठला रहिवासी होता याला महत्त्व नाही. मृत्यू ज्या गावी घडला त्याच गावच्या दप्तरी त्याची नोंद असते. आपल्यासारख्या पांगलेल्या घराण्यांनी ही गोष्ट गाठीशी बांधून ठेवावी. इंदूरला राहणाऱ्याचे वडील पुण्याच्या इस्पितळात गेले, तर दाखला पुण्याचा. लष्करी छावणीच्या हद्दीत गेले, तर छावणी मंडळाचा. गोव्यातील पोर्तुगीज अमदानीतील नोंद असेल, तर ती पोर्तुगीज भाषेत मिळणार. भाषांतर करून देणारा माणूस आधी गाठावा.

खानापूर हे मलप्रभेच्या काठचे टुमदार गाव. येथील कौलांचे व कुंभारकामाचे नाव दूरवर गेलेले. कचेरीच्या आवारात छत्र्यांची गर्दी होती. पाट्या कन्नडमध्ये, बोलणे निम्मे मराठीत. दाराशी एकाने "काम काय आहे साहेब? दोन दिवसांत करून देतो" म्हणून मला अडवलेच, मी त्याला नमस्कार केला आणि आत गेलो. शोधासाठी अर्ज लागतो, ठरलेले शुल्क लागते, ते वर्षागणिक आकारले जाते, आणि त्याची पावती मिळते. यात मध्यस्थाचे काही काम नाही. १९६९ च्या जन्ममृत्यू नोंदणी कायद्याने कोणालाही असा शोध घेऊन उतारा मागता येतो. त्यात मृत्यूचे कारण तेवढे कळवत नाहीत. ही मर्यादा मला योग्यच वाटते.

दप्तर पाहणारे कारकून पन्नाशीचे होते. माझा अर्ज वाचून त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला. "वर्ष सांगितल्याशिवाय कसं काढायचं ओ? वह्या काय थोड्या आहेत?"

दिवाळी आणि मुंबई राज्य या दोन खुणांवरून मी १९५५ आणि १९५४ अशी दोन वर्षे लिहिली होती. शहरातील प्रतिष्ठितांचे वारस अशा वेळी वर्तमानपत्रांचे जुने, बांधलेले अंक चाळतात. निधनवार्ता कचेरीत पुरावा म्हणून चालेलच असे नाही, पण तारीख हाती देते आणि शोध सोपा होतो. आमच्या आजोबांची निधनवार्ता कोण छापणार? त्यांच्या मरणाची दखल घेणारा लेखक म्हणजे गावकामगार, आणि छापखाना म्हणजे ही वही.

१९५५ ची वही आली. कडा वाळवीने कुरतडलेल्या, शाई तपकिरी झालेली. आमच्या गावची पाने निघाली. ऑक्टोबर, नोव्हेंबर, डिसेंबर. आजोबा नव्हते. १९५४ मध्येही नव्हते. बाहेर पावसाचा जोर वाढला. नोंद सापडलीच नाही तर काय, असे मी विचारले. कारकुनांनी सांगितले, ते येथे नोंदवतो. प्रथम 'नोंद आढळत नाही' असा लेखी दाखला घ्यायचा. मग मृत्यूचे पुरावे जोडून उशिराच्या नोंदणीसाठी अर्ज करायचा. वर्षापेक्षा जुन्या मृत्यूसाठी पूर्वी प्रथम वर्ग दंडाधिकाऱ्याचा हुकूम लागे. २०२३ च्या दुरुस्तीनंतर तो अधिकार जिल्हादंडाधिकारी, उपविभागीय दंडाधिकारी किंवा त्यांनी नेमलेला कार्यकारी दंडाधिकारी यांच्याकडे आला आहे. रस्ता आहे, पण लांबचा. साक्षीदार कोठून आणावेत? आजोबांना खांदा देणाऱ्यांपैकी आज कोण उरले आहे?

मी उठणार तोच ते म्हणाले, "छप्पन्न बघूया की."

"छप्पन्न कसे असेल? राज्य बदलण्यापूर्वीच गेले ते."

"घरचे लोक असंच सांगतात," ते म्हणाले. त्यांनी पुन्हा अर्ज लिहायला लावला, शुल्क भरायला लावले, आणि वही काढली.

नोव्हेंबरचे पान. तोच मुंबई सरकारचा छापील तक्ता, तेच मराठी, मागच्या महिन्यातलेच वळणदार अक्षर. राज्य बदलून तीन दिवस झाले होते. वही बदलली नव्हती. मयताचे नाव 'रामा', पुढे बापाचे नाव, आडनाव, वय ३४, आणि पलीकडे 'ताप'. त्या काळी गावकामगाराच्या लेखी निम्मे गाव तापानेच मरे. तारखा दोन होत्या. एक खबर दिल्याची, ७ नोव्हेंबर. दुसरी मृत्यूची, ४ नोव्हेंबर १९५६. या दोहोंत गल्लत करू नये, असे त्यांनी बोट ठेवून दाखवले. खबर देणारा म्हणून मामांचे नाव होते. खाली त्यांची सही.

मी ती सही बराच वेळ पाहत राहिलो. मामांना तारीख ठाऊक होती. तरीही जन्मभर ते आम्हांला तीन-चार दिवस अलीकडची गोष्ट सांगत आले. बहिणीच्या नवऱ्याला त्यांनी आपल्या मनाने मुंबई राज्यात ठेवले होते. त्यांना खोटे ठरवावे, असे मला त्या बाकावर बसून वाटले नाही.

दाखला कन्नड व इंग्रजीत मिळाला. नाव मात्र वहीतल्याप्रमाणे 'रामा' असेच आले आहे, आणि उताऱ्यावर रामचंद्र. दोन्ही एकच, हे सिद्ध करायला आणखी एक प्रतिज्ञापत्र व आणखी एक खेप लागणार. वाचकांनी अर्जापूर्वीच शेताच्या उताऱ्यावरील नाव आणि घरातील नाव ताडून पाहावे. माझ्या मनात ते आले नाही.

वडोदऱ्याला परतल्यावर आत्याच्या शेजारी बसून मी जुने पंचांग पाहिले. १९५६ साली लक्ष्मीपूजन २ नोव्हेंबरला होते, पाडवा ३ ला. ४ नोव्हेंबर, रविवार, कार्तिक शुद्ध द्वितीया.

"भाऊबीज," आत्या म्हणाली.

नंतर बराच वेळ ती बोलली नाही. मग म्हणाली, "ताट तयार होतं रे. सुपारी, निरांजन, सगळं. तुझ्या बाबाला पाटावर बसवलंही होतं. मग कुणीतरी ते ताट उचलून आत नेलं. आधी मी काहीतरी हट्ट केला होता. मला आपलं इतकी वर्षं वाटत होतं, मी हट्ट केला म्हणून नेलं."

तिने दाखला हातात घेतला. त्यातले एक अक्षर तिला वाचता येत नव्हते. तारखेचे आकडे तेवढे तिने बोटाने दोनदा गिरवले आणि कागद मला परत दिला. यंदाचे श्राद्ध द्वितीयेला करायचे की भाऊबिजेला ताट मांडायचे, हे तिने अजून ठरवलेले नाही.